अख्खी वस्तू

कंपनी सुटली त्याला एक पावसाळा उलटून गेला, पण मेघाचे हात अजून कंपनीतच होते. तांदूळ निवडायला बसली की खडे बोटांनी नाही, चिमट्याने उचलायची. वाटाणे सोलले की दाणे ताटात रांगेने लावायची, आणि रांग पुरी झाली की ताट डावीकडे सरकवायची, पुढचं काम करायला तिथे कोणी बसलेलं असल्यासारखं. डावीकडे भिंत असायची. सासूबाई रत्नप्रभा हे सगळं बाजेवर बसून बघायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत झालीय हिची."

सासूबाईंना बोलायला काय जातं? अठरा वर्षं एकच काम करून बघावं म्हणजे कळतं. शेणवा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या वस्तीतून सकाळी कंपनीची जीप बायकांना उचलायची आणि किन्हवली, सरळगाव करत मुरबाडच्या एमआयडीसीत नेऊन सोडायची. तिथे एका लांबलचक टेबलावर बायका ओळीने बसायच्या. हिरवे बोर्ड उजवीकडून यायचे. मेघाने त्यात दोन कपॅसिटर बसवायचे आणि बोर्ड डावीकडे सरकवायचा. कपॅसिटर बुटक्या पिंपासारखे दिसतात म्हणून सगळ्या त्यांना पिंपंच म्हणायच्या. डावीकडे ललिता. तिने त्या पिंपांच्या पायांना सोल्डरचे टाके मारायचे आणि बोर्ड पुढे द्यायचा. पुढे काय व्हायचं ते पुढच्या बायकांना ठाऊक. शेवटी सगळं खोक्यात भरून ट्रकने कुठेतरी जायचं. ते कशात बसतं, कशासाठी लागतं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती, आणि मेघाने कधी विचारलंही नाही. पगार वेळेवर होत होता, चूक कधी निघाली नव्हती. मग एक दिवस मशीन आलं, आणि बायकांना घरी बसायला सांगितलं.

घरी बसून बसून कंटाळलेली मेघा एकदा नणंदेच्या मुलीच्या लग्नाच्या भांड्यांसाठी मुरबाडच्या बाजारात गेली होती. एसटी स्टँडच्या मागे सावळाराम नावाच्या माणसाचं भंगाराचं दुकान आहे. बाहेर फोडलेल्या यंत्रांचा ढीग होता, आणि ढिगावर वरच तिचा बोर्ड पडला होता. दोन पिंपं, शेजारी शेजारी, तिने बसवली असती तशीच. आईला गर्दीत आपलं पोर ओळखू यावं तसा तिला तो ओळखू आला. तिने उचलून उलटापालटा केला आणि सावळारामला विचारलं, हे कशातलं?

"स्टॅबिलायझरमधलं," तो तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "टीव्हीला, फ्रीजला लावत्यात ना, त्यातलं. न्यायचं असंल तर न्या, मला त्यात कायच मिळत नाय."

तिला अभिमान वगैरे काही वाटला नाही. राग आला. घरी टीव्हीच्या मागे तसला एक डबा गेली कितीतरी वर्षं गुरगुरत पडला होता, त्यावरची धूळ ती दर आठवड्याला पुसत होती, आणि आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. लाखो बोर्ड तिच्या हाताखालून गेले असतील. त्यातला एक चालू झालेला तिने पाहिला नव्हता. एसटीत बसून येताना तिने मांडीवरच्या भांड्यांच्या पिशवीत तो बोर्ड ठेवला होता आणि सारखा बाहेर काढून बघत होती. सरळगाव मागे पडलं तोवर तिचं ठरलं होतं. एक तरी वस्तू करायची. पहिल्या टाक्यापासून ती चालू होईपर्यंत सगळी आपल्या हाताची, मध्ये दुसरा कोणाचा हात नाही. मग भले जगात तिचा कोणाला काही उपयोग न होवो.

हे घरात सांगणं म्हणजे मोठं दिव्य होतं. नवरा रविंद्र भातसानगरला धरणावर कामाला. स्वभावाने वाईट नाही, पण कोणतीही गोष्ट सांगितली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "त्यातून काय निघेल?"

"काय नाय निघणार," मेघा म्हणाली.

"मग?"

मेघा तांदळातले खडे उचलत राहिली. तो तरी काय करणार? शेजारीण पापड लाटते, दुसरी ब्लाऊज शिवते, त्यांना कोणी 'मग' विचारत नाही. बाईने घरात बसून काही करायचं तर त्याचं वजन करता आलं पाहिजे, नाहीतर ते खूळ. मेघाने खूळ धरलं. मुलगी हर्षाली नर्सिंगच्या हॉस्टेलवर गेल्यापासून तिचं अभ्यासाचं टेबल कपड्यांच्या घड्यांखाली दबून गेलं होतं. मेघाने घड्या उचलून पलंगावर टाकल्या आणि टेबल मोकळं केलं. कल्याणला जाणाऱ्या एका ओळखीच्याकडून सोल्डरगन, वायर, टाक्याला लागणारी राळ, कोरे बोर्ड, सुट्या भागांची पाकिटं आणि करंट मोजायचा एक पिवळा मीटर मागवला. जुन्या डिशच्या डब्याचा अडॅप्टर घरात होताच. चिमटा तिचा स्वतःचा होता, कंपनीतून निघताना कोणी परत मागितला नव्हता.

आता टेबल ठेवायचं कुठे?

उजेड सगळ्यात चांगला बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली. तिथे ठेवलं तर पहिल्याच दिवशी सासूबाई काठी टेकत आल्या. "तिथं मेणबत्ती लावतो आपण. राळेचा धूर फोटोला लागंल. काढ आधी." मग टेबल स्वयंपाकघरात गेलं. तिथे फोडणी पडली की बोर्डावर तेलाचा थर बसायचा, आणि राळेला मुंग्या लागत नाहीत हे मुंग्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग पडवी. पडवीत वारं. सोल्डरगनचं टोक तापतं न तापतं तोच गार व्हायचं, टाका ढेकळासारखा बसायचा, आणि कोंबड्या टेबलाखाली येऊन पायांवर चोच मारायच्या. माळ्यावर नेलं तर पत्रा इतका तापलेला की सोल्डरगनची गरजच नाही. टेबलाचे पाय फरशीवर ओढल्याचा आवाज इतका रोजचा झाला की शेजारपाजारच्या बायका विचारू लागल्या, काय गो, आज कुठं?

आणि जिथे न्यावं तिथे अर्ध्या तासात टेबलावर काहीतरी येऊन बसायचं. दुधाची पिशवी, लग्नाची पत्रिका, रविंद्रची गाडीची चावी, सासूबाईंचं औषध, सोललेली लसूण. रिकामं टेबल या घराला बघवत नव्हतं. एकदा तर रेझिस्टरच्या पाकिटावर कोणी गरम पातेलं ठेवलं. मेघाने पातेलं उचललं, पडवीत नेलं आणि सगळी आमटी कोंबड्यांच्या पुढ्यात ओतली. त्या दिवशी सगळ्यांनी लोणच्याशी भात खाल्ला, आणि टेबलावर ठेवताना हात जरा अडखळू लागले.

करायचं काय, हे मात्र तिला शोधावं लागलं नाही. या भागात म्हणच आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. नवरा धरणावर कामाला, आणि दारातल्या नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. कधी सकाळी, कधी भर दुपारी, आलं तर थोडा वेळ. घरातल्या एकीचा कान कायम नळाकडे. सासूबाईंचा तर झोपेतही. नळ नुसता खाकरला तरी त्या गुडघे धरून उठायच्या, निम्म्या वेळा नुसती हवा असायची. मेघाने ठरवलं, नळाखालच्या बादलीत दोन स्क्रू सोडायचे. पाणी त्यांना टेकलं की बझर वाजला पाहिजे. फोनवर बघून तिने आकृती काढली. भाग मोजके होते. जमेल असं वाटलं.

तेवढ्यात ललिता आली.

ललिता ओढ्यापलीकडच्या वाडीत राहायची. वाडीतली बाकीची माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जायची, पावसाळ्याच्या तोंडाला परतायची. ललिताला कंपनी मिळाली म्हणून ती एकटी मागे राहायला लागली होती. कंपनी गेल्यावर यंदा तिचंही गाठोडं बांधायचं चाललं होतं. ती उंबऱ्याशीच बसली, आत ये म्हटलं तरी ती तिथेच बसते, आणि म्हणाली, "ताई, आयकलं का? मुरबाडला दुसरी कंपनी निघाली. जुन्या लाईनवरच्या बायकाच पायजेत म्हणं. दिवाळीनंतरच्या सोमवारी गाडी येल."

"तू जाणार?"

"मंग? भट्टी सुटली ना माझी." तिचा सगळा चेहरा उजळला होता. "तुमी बी येणार ना? तुमी नसल्या तर माझ्या उजव्या हाताला कोण बसंल?"

मेघा हो म्हणाली. पण दिवाळी तोंडावर आली होती. एकदा पहाटे गाडीत बसायला लागलं की संध्याकाळी परत, आल्यावर चूल, भांडी, झोप. आणि हात पुन्हा त्या एका कामाचे होणार. आता झालं नाही तर कधीच व्हायचं नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. भाकरी थापताना मध्येच उठून जायची, एक टाका मारून परत यायची. भाकरी करपायची. तिचं जेवण उभ्यानेच होऊ लागलं. त्यात भात कापून झाला, झोडणी झाली, पोती पडवीत आली, आणि टेबल परत बाहेरच्या खोलीत आणावं लागलं. या वेळी तिने ते फोटोच्या समोरच्या भिंतीला लावलं, खिडकीकडे पाठ येईल असं. सासूबाई नुसत्या धुसफुसल्या.

सगळे भाग लागले. टाके तिने स्वतः मारले. ललिताच्या टाक्यांसारखे गोल नव्हते, पण धरून बसले होते. वायर जोडल्या. अडॅप्टर लावून बटण दाबलं तेव्हा दुपार होती. रविंद्र सुट्टीवर होता, वर्तमानपत्र वाचत बसला होता. बझर वाजला नाही. मेघा वाकून बघायला लागली, का वाजत नाही म्हणून. पिंपाला हात लावला तर ते तापलेलं. तिने बोट मागे घेतलं आणि तेवढ्यात ते फुटलं.

आवाज फटाक्यासारखा झाला. दिवाळीचे दिवस, एरवी कोणी मान वर करून बघितलं नसतं, पण हा घरात झाला होता. पिंपाची टोपी उडून छपराला लागली, पांढरा धूर आणि कुबट वास खोलीभर पसरला, आणि आतला चिंध्यांसारखा कागद टेबलावर आला. सासूबाई बाजेवरून जवळपास खाली आल्या. रविंद्रने वर्तमानपत्र टाकून आधी मेन बंद केला. मेघाच्या कपाळावर बारीक भाजलं होतं. त्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बास झालं," तो म्हणाला. ओरडला नाही. "डोळा गेला असता म्हंजे? उद्या टेबल उचलतो मी. सोमवारी कंपनी आहे ना तुझी, तिथं काय ते कर."

मेघाला भीती वाटत नव्हती, तिला कळत नव्हतं. पिंप लावण्यात चूक? तिच्याकडून? बाकी काहीही चुकलं असेल, पिंप नाही. अठरा वर्षांत तिचं एक पिंप परत आलं नव्हतं. ती फुटलेल्या पिंपाकडे बघत बसली. मग भंगारातून आणलेला तो जुना बोर्ड काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. पिंपाच्या एका बाजूला पांढरी रेघ असते. ती रेघ कोणीकडे ठेवायची ते सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पांढरी रेघ खिडकीकडे. एवढंच. मेघाने ते अठरा वर्षं केलं. आजही तेच केलं होतं. रेघ खिडकीकडे. फक्त कंपनीत खिडकी समोर असायची, आज ती पाठीमागे होती.

तिने फोन काढला, शोधलं, वाचलं. ती रेघ मायनसची बाजू दाखवते. उलटं लावलं की पिंप फुटतं. पोरंसोरं पहिल्या धड्यात शिकतात ते. मेघा आरशात स्वतःला पाहावं तशी त्या रेघेकडे पाहत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कपाळ दुखतंय असं रविंद्रला वाटलं, तो मलम शोधायला गेला.

दुसऱ्या दिवशी ललिता बघायला आली, बातमी ओढ्यापार गेली होती. मेघाने तिला सांगितलं. "अठरा वर्षं मी खिडकी शिकले, ललिता. दुसरं कायच नाय शिकले."

ललिता उंबऱ्यावर टेकली. "मंग मी काय येगळं केलं, ताई? मला सांगितलेलं, टाका मारताना तीन आकडे मोजायचं नि उचलायचं. मी आजून भाकर उलटताना तीन मोजते." दोघी हसल्या. हसता हसता ललिताला ठसका लागला, आणि मग दोघींनाही हसू येईना.

टेबल उचलायला रविंद्र आला तेव्हा मेघा टेबलाजवळ उभी होती. ती म्हणाली, "सोमवारपर्यंत नका हात लावू. सोमवारी मी जाणारच हाय. तोवर हे माझं हाय." तिने कधी 'माझं' असं इतक्या उघड म्हटलं नव्हतं, घरात भांड्यालाही नाही. रविंद्र दारात थबकला. सासूबाईंनी बाजेवरून त्याला हात केला, जाऊ दे म्हणून. का केला कोण जाणे. कदाचित आमटीची आठवण झाली असेल.

मग मेघाने एक भाग हातात घेतला की तो काय करतो हे आधी विचारायला सुरुवात केली. याला पाय तीन का. हा रेझिस्टर इथेच का, तिथे का नाही. काम दुपटीने हळू झालं. चिडचिड इतकी व्हायची की दोनदा तिने सोल्डरगनचं बटण बंद करून अंगणाला फेऱ्या मारल्या. जे कळलं नाही ते लावायचं नाही असा हट्टच धरला. शेवटी सगळं साबणाच्या रिकाम्या डबीत बसवलं, दोन स्टीलचे स्क्रू वायरने बाहेर काढले, आणि ते नळाखालच्या बादलीत सोडले. लोट्यातल्या पाण्यात बुडवून ते वाजतं की नाही हे तिने मुद्दाम पाहिलं नव्हतं. नळाच्या पाण्यानेच वाजवायचं होतं.

शनिवारी दिवसभर पाणी आलं नाही. मेघा दहा वेळा बादलीपाशी जाऊन आली. धुतलेल्या कपड्यांच्याच पुन्हा घड्या केल्या. सासूबाईंना म्हणाली, आज येणारच नाय पाणी, मला ठाऊक हाय. रविवारी सकाळीही नाही. उद्या सोमवार. दुपारची जेवणं आटोपली, रविंद्र सावलीत आडवा झाला, सासूबाईंचा डोळा लागला, आणि मेघा टेबलापाशी बसून काहीही न करता नखं खात होती. नळ खाकरला की नाही ते तिला कळलंच नाही. एकदम बझर वाजला. बारीक, किनरा, न थांबणारा.

सासूबाई दचकून उठल्या आणि गुडघे विसरून अंगणात गेल्या. "आलं गो, आलं," म्हणत हंडा नळाखाली सरकवत होत्या. मेघा जागची हलली नाही. तो आवाज कुठून येतो, कशाने येतो, कोणता भाग काय करतोय म्हणून येतो, हे सगळं तिला माहीत होतं. तिला खूप, खूप बरं वाटलं. हे सुख असं असतं हे कोणी आधी का सांगितलं नाही, असंही वाटलं.

पाणी जाईपर्यंत आळी गोळा झाली. बझर ऐकून शेजारणी हंडे घेऊन धावल्या होत्या, कारण मेघाकडे आलं म्हणजे सगळ्यांकडे आलं. आमाला बी करून दे, असं एकीने म्हटलं आणि मग सगळ्यांनीच म्हटलं. रविंद्र अंगणात उभा राहून ऐकत होता. त्याचे डोळे चमकायला लागले. आता त्याच्या 'मग'ला उत्तर मिळालं होतं.

दुपार कलता कलता ललिता सकाळच्या गाडीची वेळ विचारायला आली, तोवर त्याने सगळी मांडामांड केली होती. स्वतः टेबल ओढून खोलीच्या मधोमध घेतलं होतं, फोटोखाली, चांगल्या उजेडात. सासूबाईंनाही आता धुराचं काही वाटत नव्हतं. तीन खुर्च्या ओळीने लावल्या होत्या. "हे बघ," तो उत्साहाने म्हणाला, "कंपनीबिंपनी कशाला पायजे? घरीच करू. तू इथं बसून भाग लाव. ललिता तुझ्या डाव्या हाताला, ती टाके मारंल. आई तिकडं, डबीत भरायचं. आळीभर, मग शेणवा, मग किन्हवली. मी गिऱ्हाईक बघतो."

तो खरंच प्रेमाने बोलत होता. त्याला वाटलं, बायकोला हवं होतं ते आपण देतोय. ललिता तर जाऊन डावीकडच्या खुर्चीवर बसलीसुद्धा. आजवर जी उंबऱ्याच्या आत आली नव्हती ती लाईन म्हटल्यावर सरळ येऊन बसली, आणि बसल्या बसल्या तिने उजवा हात पुढे केला, बोर्ड घ्यायला. मेघाकडे बघितलंही नाही. बघायची गरज कधी पडलीच नव्हती.

मेघा त्या हाताकडे पाहत उभी राहिली.

"मी उद्या गाडीला जाणार," ती रविंद्रला म्हणाली. "लाईन करायची तर कंपनीत करीन, पगार घेऊन. घरात लाईन नको."

"अगं पण लोक मागतायत."

"मागू दे. ज्याला पायजे त्यानं इथं येऊन बसावं नि आपला आपण करावा. मी दाखवीन. करून नाय देणार."

रविंद्र दुखावला. एवढं चांगलं चाललेलं कोणी असं मोडतं का, असं पुटपुटत तो बाहेर जाऊन गाडी पुसायला लागला. मेघाने सासूबाईंसाठी लावलेली खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग सगळे भाग एका वाटीत घातले, कोरा बोर्ड घेतला, आणि ललिताच्या त्या पुढे केलेल्या हातात सगळंच ठेवलं.

ललिताने पाहिलं. "हे काय, ताई? ह्यात कायच लावलं नाय."

"तू लाव."

"मला टाकेच येतात."

"मला पिंपंच येत होती," मेघा म्हणाली आणि शेजारी बसली.

ललिताचे टाके बघत राहावेत असे होते, मेघाला थोडा हेवाही वाटला. पण भाग उचलताना ललिता अडायची. हा कुठं? उलटा की सुलटा? दर वेळी ती मेघाकडे बघायची, आणि मेघा दर वेळी सांगायची, का ते आधी समजून घे. दोनदा ललिता उठून चालली, वाडीत चूल पेटवायचीय म्हणून. दोनदा दारातून परत आली. पूर्ण झालं तेव्हा उन्हं उतरली होती. अडॅप्टर तिच्या घरी कुठला, म्हणून मेघाने तिला नऊ व्होल्टचा सेल जोडून दिला. ललिताने दोन स्क्रू लोट्यातल्या पाण्यात सोडले. वाजलं.

तिने पटकन ते बाहेर काढलं. परत सोडलं. परत वाजलं. तोंडावर पदर धरून ती मेघाकडे बघत राहिली.

"घेऊन जा घरी," मेघा म्हणाली. "तुझं हाय. नळाखाली लाव."

"आमच्याकडं नळ कुठाय, ताई?"

इतकी वर्षं शेजारी बसून मेघाला हे माहीत नव्हतं असं नाही. ओढ्यापलीकडे पाइप गेलेला नाही, बाया विहिरीवर जातात, हे तिला माहीत होतं. पण सुचलं नव्हतं. दाराशी गाडी पुसत असलेल्या रविंद्रने फडका थांबवला आणि पुन्हा पुसायला लागला, होतं त्याच जागी.

"दे मग, ठेवते मी," मेघा हात पुढे करून म्हणाली. "दुसरं कायतरी करू. तुला कामाचं होईल असं."

ललिताने डबी पोटाशी घेतली. "नको. हेच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वाजतं ना." आणि सकाळी गाडीला वेळेवर यायचं बजावून ती निघाली.

मेघा उंबऱ्यात उभी राहिली. ललिता रस्त्याने चालत होती. जरा पुढे गेल्यावर तिने दोन बोटं जिभेला लावून ओली केली आणि स्क्रूंवर टेकवली. डबी वाजली. ती चार पावलं चालली, परत बोटं ओली केली, परत वाजवली. ओढ्याकडे उतरून ती दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता.

आतून हंड्याची खडखड झाली. सासूबाई बाजेवरून उठल्या होत्या. "पानी आलं का गो?"

"नाय आई," मेघा म्हणाली. "ललिता घरी चाललीय."